कुणाच्या रानातनं चाललोय आपण?

७ मे २०२५, बुधवार, संध्याकाळचे साडेसात. एका कुंपणाला लावलेल्या लाकडी पायरीवर माझा उजवा पाय तसाच अडून राहिला. इथे इंग्लंडमध्ये तिला स्टाईल म्हणतात. कुंपण न उघडता ओलांडायची दोन फळ्यांची पायरी असते ती. गुरं पलीकडेच राहतात आणि माणूस तेवढा अलीकडे येतो. माझ्या पुढे आमच्या चालणाऱ्यांच्या गटातली पंधरा-सोळा माणसं उतरून रेपच्या शेतात शिरलीसुद्धा होती. रेप हे मोहरीच्याच कुळातलं पीक, मे महिन्यात छातीएवढं होतं आणि सगळं रान पिवळं करून टाकतं. त्या पिवळ्यातून हातभर रुंद वाट सरळ पलीकडच्या झाडांपर्यंत गेली होती. घर दिसत नव्हतं, माणूस दिसत नव्हतं, पण शेत कुणाचं तरी होतं. ज्याचं होतं त्याला आम्ही विचारलं नव्हतं.

माझ्या मागचे, गटातलेच एक आजोबा थांबले आणि हळूच म्हणाले, "पाय दुखतोय का?" पाय दुखत नव्हता. फलटण तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीला कुणाच्या उभ्या पिकात पाय टाकवत नव्हता, एवढंच. हे इंग्रजीत कसं सांगायचं ते तेव्हा सुचलं नाही.

इंग्लंडमध्ये नवीन आलेल्या आपल्या बऱ्याच जणांना असंच वाटतं, हे नंतर बोलण्यातून कळलं. घरामागे हिरवी शेतं दिसतात, बाणांच्या पाट्या दिसतात, पण आपण पार्कातच फिरतो. म्हणून त्या पायरीपासून स्वतः गटाची एक फेरी नेण्यापर्यंतचे दोन महिने इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या रानाला रस्ता नाही. आजोबांच्या काळापासून शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाट होती. मी सातवीत असताना शेजाऱ्याने बांध कोरला आणि वाटेवर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. आण्णांनी तहसीलदाराकडे अर्ज केला. जमीन महसूल संहितेचं कलम १४३, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, पंचनामा, गाव नकाशावरची तुटक रेषा हे शब्द मी कॉलेजात नाही, जेवताना शिकले. निकाल आमच्या बाजूने लागला. पण तोवर तीन हंगाम ऊस तोडून त्याच्या मोळ्या डोक्यावरून ओढ्यातून डांबरीपर्यंत आणाव्या लागल्या होत्या. आईच्या मानेला चुंबळीचा घट्टा पडला तो अजून आहे. तेव्हापासून दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकायचं नाही हे माझ्या अंगातच भिनलं.

मी एल्सबरीत राहते, लंडनपासून रेल्वेने साधारण तासाभरावर. गावच्या लायब्ररीत एक कागद लावलेला दिसला : चालणाऱ्यांचा गट, उन्हाळाभर दर बुधवारी संध्याकाळची फेरी, नवीन लोकांचं स्वागत. इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात (२०२५ मध्ये ३० मार्चला), त्यामुळे मे महिन्यात रात्री साडेआठपर्यंत आणि जूनच्या शेवटी साडेनऊपर्यंत उजेड असतो. कामावरून येऊन दोन-अडीच तास चालता येतं ते त्यामुळेच.

ई-मेल केला, तीन दिवसांनी उत्तर आलं. त्यात चार गोष्टी होत्या : कुठे भेटायचं, किती किलोमीटर, चढ किती आणि पावलात काय घालायचं. शिवाय पहिल्या तीन फेऱ्या पाहुणी म्हणून फुकट, चौथीच्या आत सभासद व्हायचं. एक फॉर्म होता, त्यात तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा, दमा-हृदयविकार काही आहे का, असं विचारलं होतं. फॉर्म भरला, पण पहिल्या बुधवारी गेलेच नाही. पावणेसहाला बूट घालून दारात उभी राहिले आणि परत आत आले. ओळखीचं कुणी नाही, उच्चार कळतील का, आपण एकट्याच वेगळ्या दिसू, हे सगळं मनात होतं. दुसऱ्या बुधवारी गेले. जमलेल्या बावीस जणांत मी एकटीच भारतीय होते हे खरं, पण निम्म्याहून अधिक लोक माझ्या आईच्या वयाचे निघाले. कुणी कुणाला आडनावाने हाक मारत नाही आणि चालताना डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही. शेजारी चालणाऱ्याशी बोलणं समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा फार सोपं जातं, लाजऱ्या माणसाला तर नक्कीच.

त्या दिवशी आम्ही ग्रँड युनियन कालव्याच्या एल्सबरीच्या फाट्याने निघालो. कालवा अरुंद आहे, सोळा लॉक (नाव वर-खाली करायची पाण्याची दारं) चढत मार्सवर्थपर्यंत जातो. पूर्वी घोडे नावा ओढत त्या काठाच्या वाटेवरून साडेतीन किलोमीटर, आणि परतताना शेतांतून. त्या परतीच्या वाटेवर ती पायरी होती.

पलीकडे उतरल्यावर त्या आजोबांनी खिशातून नकाशा काढला. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा, १:२५,०००, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यावर शेतांच्या हद्दी काळ्या आणि त्यांना न जुमानता आरपार गेलेल्या हिरव्या तुटक रेषा. आखूड तुकड्यांची रेषा म्हणजे फुटपाथ, फक्त चालणाऱ्यांसाठी. लांब तुकड्यांची म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडा आणि सायकलही चालते. वाटेवर खांबांना बाण असतात : पिवळा बाण पायी, निळा घोड्यालाही. "जमीन त्याची," ते म्हणाले, "पण वाट त्याची नाही."

गाव नकाशावरच्या तुटक रेषेसाठी आण्णा कितीदा तालुक्याला गेले ते मला आठवत होतं. इथे तीच रेषा थोड्या पौंडांना दुकानात मिळते. (विकत घेण्याआधी लायब्ररीत बघा, मला पहिला नकाशा तिथेच तीन आठवड्यांसाठी मिळाला.)

घरी येऊन रात्री बारापर्यंत वाचत बसले. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या काउंटी कौन्सिलांना (आपल्या जिल्हा परिषदांसारख्या) आपापल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटांचा नकाशा करायला लावलं. त्याला डेफिनिटिव्ह मॅप म्हणतात. त्यावर वाट चढली की ती वाट आहे याचा तो निर्णायक पुरावा, पुन्हा साक्षीदार नकोत. आणि नकाशावर नसलेल्या वाटेने लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता, कुणी न अडवता चालत आले असतील, तर जमीनवाल्याने ती लोकांना दिली असं कायदा धरून चालतो, मालकाचा तसा इरादा नव्हता हे सिद्ध झालं नाही तर. १९८० च्या हायवेज ॲक्टचं ३१ वं कलम. मी ते दोनदा वाचलं. ही वहिवाटच होती, दुसऱ्या भाषेतली.

दुसरी फेरी २१ मेला, शेजारच्या काउंटीत, बसने. बसचं भाडं इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये बहुतेक ठिकाणी एका वेळेला जास्तीत जास्त ३ पौंड होतं. पण परतीची शेवटची बस आधीच बघून ठेवा, खेड्यांत ती सातलाच सुटून गेलेली असते. मला गटातल्या एका बाईंनी गाडीतून सोडलं आणि पेट्रोलचे दोन पौंड घेतले. असे पैसे देणं-घेणं इथे रीतीचं आहे, संकोच करू नका.

त्या फेरीत दोन गोष्टी झाल्या. एका कुरणात वीस-पंचवीस गोऱ्हे होते, ते उधळत आमच्याकडे आले. आपल्याकडे गुरांत वाढलेली मी, पण दावं नसलेली, माणसाची सवय नसलेली इतकी गुरं एकदम अंगावर येताना मी पाहिली नव्हती. लीडरने सगळ्यांना एकत्र केलं, पळायचं नाही म्हणून सांगितलं आणि कुंपणाच्या कडेने आम्ही शांत चालत निघालो. एकाकडे कुत्रा होता. त्याला सूचना अशी की गुरं अंगावरच आली तर दोरी सोडून द्यायची, कुत्रा पळून वाचतो आणि गुरं त्याच्याच मागे जातात. पिल्लांसोबत गाई असतील तर मात्र वळसा घालून जायचं, हे आपल्यालाही माहीत आहेच.

दुसरी गोष्ट वाटेची. नकाशावर हिरवी रेषा शेतातून सरळ जात होती, समोर मात्र नांगरून पेरलेलं सलग रान होतं. वाटेचा मागमूस नव्हता. माझ्या पोटात तीच जुनी कळ आली. मला वाटलं आता कुणीतरी भांडायला जाईल, नाहीतर सगळे मुकाट्याने मागे फिरतील. दोन्ही झालं नाही. लीडरने कंपास लावून दिशा धरली आणि आम्ही एकामागे एक, एका रांगेत, रेषा जिथे होती तिथूनच गेलो. बावीस माणसांच्या पावलांनी पलीकडे पोचेपर्यंत वाट दिसायला लागली होती. नंतर फाटकाशी थांबून त्यांनी फोटो काढला, ठिकाणाचा ग्रिड संदर्भ (नकाशावरची नेमकी जागा सांगणारे आकडे) लिहिला आणि मला म्हणाले, "तक्रार तू करतेस का?"

केली. कौन्सिलच्या संकेतस्थळावर वाटांच्या अडचणींचं पान असतं. नकाशावर खूण करायची, फोटो जोडायचा, तारीख आणि काय दिसलं ते लिहायचं, शेतकऱ्याविषयी मत लिहायचं नाही. १९९० च्या कायद्याप्रमाणे शेतातून आरपार जाणारा फुटपाथ पेरणीसाठी नांगरता येतो, पण चौदा दिवसांच्या आत किमान एक मीटर रुंदीने परत चालण्याजोगा करून द्यावा लागतो आणि त्यावर पीक वाढू द्यायचं नसतं. मला लगेच तक्रार क्रमांक आला, मग साडेचार आठवडे काहीच नाही. दोनदा विचारणा केली. २३ जूनला दोन ओळींचा निरोप आला की जमीनमालकाशी बोलणं झालं आहे. नंतर मुद्दाम बसने जाऊन बघितलं. हिरव्या पिकातून ट्रॅक्टरच्या चाकाएवढी सरळ पट्टी मोकळी केली होती. त्या पट्टीवर मी एकटीच बराच वेळ उभी होते. आण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. हे त्यांना दाखवायला हवं होतं.

तिसरी फेरी ४ जूनची, वेंडोव्हर स्टेशनपासून, अकरा किलोमीटर. रिजवे नावाची सत्त्याऐंशी मैलांची राष्ट्रीय वाट या गावातून जाते. ती बेकम हिल, कूम हिल चढून पुढे चेकर्सच्या आवारात शिरते. चेकर्स म्हणजे ब्रिटनच्या पंतप्रधानांचं खेड्यातलं निवासस्थान, १९२१ पासून. दोन्ही बाजूंना फाटक, खांबांवर कॅमेरे, वाट सोडून आत गेलात तर गुन्हा आहे अशी पाटी, आणि मधून पंतप्रधानांच्या गाड्या जातात तो रस्ता. रिजवेची पायवाट तो रस्ता ओलांडून सरळ पुढे जाते. आम्ही वीसजण गप्पा मारत तो ओलांडला. कुणी हटकलं नाही, कुणी ओळखपत्र मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सभासद झाले. महिन्याला थोडे पौंड बँकेतून आपोआप जातात. आणि लीडरना लिहिलं की मला फेरी न्यायला शिकायचं आहे.

इथून पुढे कागदपत्रं वाढली, पण भीती वाटावी असं त्यात काही नाही. फेरी नेणारा सभासदच असावा लागतो, कारण गटाचा विमा त्यालाच लागू होतो. एक संध्याकाळ दोन तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण. मग तीन आठवडे आधी फेरीचा तपशील द्यायचा : अंतर, चढ, पायऱ्या किती, कुत्रे चालतील का, सुरुवातीचा ग्रिड संदर्भ. हा संदर्भ म्हणजे दोन अक्षरं आणि सहा आकडे, पहिले तीन पूर्वेकडचे, पुढचे तीन उत्तरेकडचे, आणि तेवढ्यावर शंभर मीटरच्या चौकोनात माणूस सापडतो. आडवं आधी, उभं नंतर, एवढं पाठ करून ठेवा. मी पहिल्यांदा उलटं लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी फोन करून सांगितलं की तू लोकांना भलत्याच गावी बोलावते आहेस.

वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने. १८९२ सालापासून गिर्यारोहक तो वापरतात : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. माझी वाट साडेआठ किलोमीटर, चढ दोनशेच्या आसपास, म्हणजे दोन तास. पण हा एकट्या दमदार माणसाचा हिशेब झाला. फाटकं, बुटाच्या नाड्या, पाणी, फोटो धरून वीस माणसांना पावणेतीन तास लागतात. ९ जुलैला सूर्यास्त सव्वानऊच्या पुढे. मी पावणेसात ते साडेनऊ अशी वेळ लिहिली.

दरम्यान १४ जूनला आई आली होती, सात आठवड्यांसाठी. त्या वर्षी पालखी फलटणात असताना ती पहिल्यांदाच घरी नव्हती. लोणंदहून तरडगाव, तिथून फलटण, एवढी वाट ती दरवर्षी माउलींबरोबर चालते. त्याच आठवड्यात, २८ जूनच्या सकाळी, मी माझ्या फेरीची रेकी करायला एकटी गेले. रेकी म्हणजे आधी स्वतः चालून बघणं, ही चुकवायची नाही.

आणि मी वाट चुकलेच. कूम हिलनंतर बीच झाडांचं जंगल लागतं. बीचखाली गवत, झुडूप फारसं उगवत नाही. वाळलेल्या पानांचा तपकिरी गालिचा सगळीकडे सारखा, आणि जिकडे बघाल तिकडे वाटच वाटते. चाळीस मिनिटं फिरून मी परत त्याच पडलेल्या झाडाशी आले. तोंडाला कोरड पडली. मग पाणी प्यायले, खाली बसले आणि बसल्यावर दिसलं : समोरच्या झाडाच्या बुंध्यावर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, पांढऱ्या रंगाचा बाण. चिल्टर्नच्या जंगलांत असे बाण झाडांवर रंगवलेले असतात, मी मात्र सगळा वेळ फोनकडे आणि जमिनीकडे बघत होते. त्यानंतर प्रत्येक फाट्यावर थांबून मी वहीत लिहून घेतलं की इथे डावीकडे वळायचं, पुढचा बाण बारा पावलांवर. दुसरं हे टिपलं की झाडीत बाहेरच्यापेक्षा निदान अर्धा तास आधी अंधारतं, म्हणून नऊच्या आत जंगलाबाहेर पडायचं.

आईला मी विचारलं येतेस का. ती म्हणाली, "दिवेलागणीला का कुणी घराबाहेर पडतं?" मी म्हटलं इथे दिवेलागण साडेनऊला होते. ती अडुसष्टची आहे, गुडघे बरे आहेत. माझ्या वाटेवर पायऱ्यांऐवजी फाटकं होती म्हणूनही धीर आला. तिच्यासाठी पाहुण्यांचा फॉर्म भरला. साडी नेसूनच येणार म्हणाली, पण मी सलवार आणि माझे जुने बूट घालायला लावले, मोजे सलवारीवरून वर ओढून. कारण इथल्या गवतात गोचीड असते आणि तिच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघायचं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-तूप-काडेपेटी काही लावायचं नाही. चाव्याभोवती लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जायचं.

९ जुलै, बुधवार. एकादशी होऊन तीन दिवस झालेले, दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा. हवा गरम होती. वेंडोव्हर स्टेशनबाहेर माझ्यासह सतरा जण जमले. मी कागदावरून वाचून दाखवलं : अंतर, चढ, परतीची गाडी, गाड्यांच्या रस्त्याला कडेचा पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. आवाज कापत होता. शेवटी चालणारा बॅकमार्कर म्हणून त्या पायरीजवळच्या आजोबांनाच विनंती केली होती. एवढी काळजी घेऊनही पहिल्या चढावर मी फार भरभर गेले. घाबरलेला लीडर पळतो, हे मला नंतर सांगण्यात आलं. मागच्यांची रांग तुटली तसं थांबून सगळ्यांना पाणी प्यायला लावलं.

बेकम हिलचं गवत चुनखडीच्या जमिनीवरचं आहे, आखूड आणि सुगंधी. तिथे डोक्यावरून शीळ घालत एक पक्षी गेला. आईने मान वर केली. "घार! पण शेपूट कसं दुभंगलंय बघ." रेड काइट ती. इंग्लंडमधून हा पक्षी पार संपला होता. १९८९ ते १९९४ मध्ये स्पेनहून आणलेली पिल्लं या टेकड्यांत सोडली, आता आकाशात एका वेळी दहा-दहा दिसतात. मी ते तिला सांगत होते, तर बाकीचे ऐकायला थांबले आणि मला तेच पुन्हा इंग्रजीत सांगावं लागलं. आवाज कापायचा थांबला तो तिथे.

कूम हिलच्या माथ्यावर बोअर युद्धात गेलेल्या बकिंगहॅमशरच्या सैनिकांचा स्तंभ आहे, १९०४ चा. वीज पडून तो एकदा कोसळला होता, १९३८ मध्ये, मग पुन्हा बांधला. खाली एल्सबरीचं सपाट खोरं, पिकलेले गहू, आणि डावीकडे झाडांत चेकर्स. आईने पाण्याची बाटली बाजूला ठेवली आणि विचारलं,

"आगं, पण कुणाच्या रानातनं चाललोय आपण?"

मी सांगितलं. खालचं घर पंतप्रधानांचं, त्यांच्या रस्त्यावरूनही आडवी वाट जाते, मी चालले आहे. शेतकऱ्याने नांगरली तर चौदा दिवसांत परत करून द्यावी लागते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आण्णांचे कागद अजून ट्रंकेत आहेत. पिवळ्या पिशवीत." आणि उठली.

जंगलात मी वहीप्रमाणे नेलं. प्रत्येक फाट्यावर मोजायचं असं ठरवलं होतं, आणि झाडीबाहेर पडताना मोजले तर पंधरा. पुन्हा मोजले, पंधराच. आई नव्हती आणि आजोबा नव्हते. नऊला पाच कमी. सगळ्यांना फाटकाशी थांबवलं, एकाला त्यांच्याजवळ ठेवलं आणि दुसऱ्या एकाला घेऊन मागे गेले. एकटीने जायचं नाही, हे प्रशिक्षणात सांगितलेलं. शिट्टी हातात होती, पण वाजवावी लागली नाही.

दोनशे मीटर मागे ती दोघं सापडली. वाटेवर काटेरी ब्रँबलच्या वेली दोन्ही बाजूंनी आडव्या आल्या होत्या. येताना आम्ही सगळे अंग चोरून त्यातून निघालो होतो. आजोबांच्या खिशात झाडं छाटायची छोटी कात्री असते. ते एकेक वेल मुळाशी कापत होते. आईने ओढणी हाताला गुंडाळली होती, कापलेली वेल ती धरायची, ओढून काढायची आणि वाटेपासून लांब, उताराच्या बाजूला, बुंधे आत करून रचायची. बांधावर काट्या रचतात तशी, पण उलट्या कामासाठी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आजोबा बोटाने पुढची वेल दाखवत, ती मान हलवी. कोपरापर्यंत ओरखडे उठले होते. मला बघून म्हणाली, "झालंच. एवढी एक राहिलीय."

मी आठ मिनिटं उभी राहिले. चालत्या गटाला असं थांबवून ठेवायचं नसतं हे मला माहीत होतं, बॅकमार्करने निरोप द्यायला हवा होता हेही. ते नंतर आजोबांना सांगितलं, त्यांनी ते मान्य केलं. पण ती शेवटची वेल निघेपर्यंत मला काही बोलवलं नाही.

स्टेशनवर पावणेदहाला पोचलो, पंधरा मिनिटं उशिरा. उतारावर खाजकुइलीसारखं आग करणारं नेटल एकीच्या पोटरीला लागलं, बाकी कुणाला काही झालं नाही. गाडीतून झाडांच्या शेंड्यांवर जवळजवळ पुरता भरलेला तांबडा चंद्र दिसला. आईने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी अहवाल भरायचा असतो. किती आले, सतरा. अपघात, नाही. वाटेतल्या अडचणी, ब्रँबल, ठिकाणाचा ग्रिड संदर्भ, छाटले. पाहुणे, एक. आणि त्यापुढे रकाना : पाहुण्याची ही कितवी फेरी? मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, पहिल्या तीन फुकट असतात हेही सांगितलं. ती ओरखड्यांना हळद लावत बसली होती.

"म्हणजे दोन राहिल्या," ती म्हणाली. "येत्या बुधवारी कुठं आहे?"